फाटकावरचा माणूस

साइटच्या या 'अमानवीय' विभागात मला ओळखणारे आता हसतील. इथल्या प्रत्येक अनुभवाखाली "तुमच्या चष्म्याचा नंबर किती?" असं विचारणारा आगाऊ माणूस तो मीच. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी लगेच उजेड कुठून येत होता ते विचारणार, आणि मग दोन दिवस भांडण. काय करू, घरातूनच तसं वळण. आमचं घर दीक्षा घेतलेलं. आजोबांनी देव्हारा काढला तेव्हाच भुतंखेतंही घराबाहेर काढली, असं वडील अभिमानानं सांगायचे. ते प्राथमिक शिक्षक. गावात कुणाच्या अंगात आलं की आम्हा भावंडांना मुद्दाम बघायला न्यायचे आणि परत येताना परीक्षा घ्यायचे – बाई घुमताना चुलीपासून बरोबर हातभर लांब कशी राहिली? सांगा बघू. अशा घरात वाढलेल्याचा अमानवीय वगैरेवर विश्वास बसायचा कसा...

तर आज माझी पाळी. मी तुम्हाला विचारतो ते सगळे प्रश्न मला खुशाल विचारा. माझेही स्वतःला विचारून झालेत.

साल २००२. मी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होतो. सुट्टी शुक्रवारी. त्या वर्षी माझा आतेभाऊ बंगलोरहून आला, तो एक जाडजूड पुस्तक आणि फाशांची पिशवी घेऊन. वीस बाजूंचा फासा असतो हे मला तेव्हा कळलं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात – चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: तुम्ही खिंडीत उभे आहात, धुकं आहे, पुढे काय करता? बाकीचे एकेक पात्र घेऊन उत्तर देतात. केलेली गोष्ट साधली की फसली हे फासा ठरवतो. वाटेत जी काही इतर माणसं भेटतील, त्यांच्या तोंडचं सगळं सूत्रधारानं बोलायचं. एकच गोष्ट महिनोन् महिने चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. आतेभावानं पुस्तकाची झेरॉक्स मला दिली आणि तो गेला परत. सूत्रधार अर्थातच मी झालो, कारण बाकी कुणी ते इंग्रजी पुस्तक वाचायला तयार नव्हतं.

खेळणारे तिघं. माझी धाकटी बहीण रुपाली, तेव्हा डीएड करत होती. कंपनीतला संतोष. आणि नितीन – कॉलेजातला दोस्त, धसईचा. खेळायचं नितीनच्याच घरी, कारण त्यांच्याकडे मागच्या अंगाला एक खोली रिकामी होती, टेबल-खुर्च्यांसकट. मुरबाडहून बारा वाजता जीप पकडायची, एकपासून पाचपर्यंत खेळायचं, सहाच्या जीपनं परत. म्हणजे जे काही झालं ते सगळं टळटळीत दुपारी झालं. अंधाराचा मुद्दा काढू नका.

पुस्तकातली गोष्ट भयाची होती. कायम धुक्यात असलेली एक दरी, वर जुना बंगला, त्याचा मालक मरत नाही आणि दरीत शिरलेल्या कुणाला बाहेर पडू देत नाही. पण तिथली बर्फातली गावं आणि अवघड नावं आमच्या डोक्यात बसेनात. संतोषला तर हसूच यायचं. म्हणून मी शहाणपणा केला. सगळी दरी उचलून आपल्याकडे आणली. माळशेजच्या रस्त्यावर टोकावड्याच्या पुढे डावीकडे एक वाट फुटते असं ठरवलं – अशी वाट खरं तर नाही – आणि त्या वाटेवर एक फाटक. फाटकाच्या पलीकडे दरी. नकाशा काढला, बंगल्याच्या खोल्या काढल्या, गावातल्या प्रत्येक माणसाचं नाव-गाव-दुःख वहीत लिहिलं. क्वालिटीतला माणूस, काही सोडलं नव्हतं. फक्त फाटकावर कोण असतं ते लिहायचं राहिलं.

तिसऱ्या शुक्रवारी हे तिघं फाटकाशी पोचले. रुपालीची वैदीण, संतोषचा शिकारी, नितीनचा म्हातारा मास्तर. संतोषनं विचारलं, "फाटकावर कुणी आहे का?"

या खेळात एक गोष्ट सूत्रधार कधीच म्हणत नाही – माहीत नाही. खेळणाऱ्यानं विचारलं की उत्तर द्यायचंच. वहीत नसलं तर तोंडाला येईल ते. मेंदूच्या आधी तोंड चालवायची सवय लागते, आणि खरं सांगतो, त्यात मजा येते.

मी म्हणालो, आहे ना. एक तरुण पोरगा दगडावर बसलाय. पँटचा एकच पाय दुमडलेला. काटकीनं चपलेचा चिखल काढतोय. मग त्याच्या आवाजात नितीनकडे बघून म्हणालो, "काय तात्या, दमलास?"

नितीननं पेन्सिल खाली ठेवली. "तात्या का म्हनालास?"

"तुझा मास्तर म्हातारा आहे ना, म्हणून."

खेळ झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं. त्याचा मोठा भाऊ दिलीप त्याला तात्या म्हणायचा – लहानपणी नितीन हात मागे बांधून म्हाताऱ्यासारखा चालायचा म्हणून. दुसरं कुणी कधी म्हटलं नाही. दिलीप आठ वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत वडिलांशी भांडून घरातून गेला, तो गेलाच. तेव्हा नितीन तेरा वर्षांचा. आम्ही खेळत होतो ती खोली दिलीपचीच.

भाऊ बेपत्ता आहे हे मला माहीत होतं, अख्ख्या धसईला माहीत होतं. तात्या हे नाव मला माहीत नव्हतं. म्हणजे... नव्हतं असं मला वाटतं. कॉलेजात कधी बोलण्यात आलंही असेल.

पुढच्या शुक्रवारपासून माझी कॅम्पेन बोंबलली. बंगल्याचा मालक बिचारा वर वाट बघत बसला आणि नितीन फाटकावरून हलेना. मी लांडगे सोडले, पूल पाडायची भीती घातली, काही उपयोग नाही. तो आपला त्या पोराशी गप्पा मारत बसायचा. आणि तो पोरगा म्हणजे मी, बोलत राहायचो. भात कसं आहे, म्हैस व्याली का, तू अजून पोहायला घाबरतोस का. सुचत होतं, बोलत होतो. नितीनची आई – आम्ही काकी म्हणायचो – चहा घेऊन आली की दारातच थांबायची. मग सूप घेऊन तांदूळ निवडायला ती दाराशीच बसू लागली.

एकदा परतीच्या जीपमध्ये रुपाली म्हणाली, "दादा, तो फाटकावरचा बोलतो तेव्हा तू 'नाय' म्हणतोस."

आमच्या घरात मास्तरांची भाषा. 'नाही'चं 'नाय' झालं की लहानपणी दहा वेळा लिहायला लागायचं. मी म्हणालो, अभिनय आहे तो. ती म्हणाली, "तुला अभिनय येत नाही." हे खरं होतं. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम दिलं होतं.

मग तो शुक्रवार. नितीननं त्याला सरळच विचारलं, "तू हितं कसा आलास?"

मी उत्तर दिलं. ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण बोलताना मीच ऐकत होतो. "घरीच निघालो होतो रे. टोकावड्याला उतरलो, धसईची गाडी गेलेली. ढाब्यावर बसलो. एकाचा टेम्पो घाटात बंद पडला होता, माणूस नव्हता पाना धरायला. म्हनलो चल, हात लावून येतो. पिशवी म्हातारीजवळ ठेवली. तिच्या एका डोल्यात फूल हाय. सकाळी नेतो बोललो तिला."

दाराशी तांदूळ निवडायचा आवाज थांबला होता. रुपाली माझ्याकडे रागानं बघत म्हणाली, "दादा, बस झालं. चेष्टा करायची गोष्ट आहे का ही?" मला तिचं पटलं. मेलेल्या-हरवलेल्या माणसाच्या नावानं मित्राच्या घरात मी कसलं नाटक करत होतो? मी नितीनची माफी मागितली आणि वही मिटली. नितीन म्हणाला, "उद्या टोकावड्याला येशील का?"

गेलो. त्याचं समाधान होईल आणि विषय संपेल म्हणून रजा टाकून गेलो, खोटं कशाला बोलू. त्याच्या बाइकवरून. पहिल्या दोन ढाब्यांवर पोरं होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. तिसरा ढाबा म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी. आत एक म्हातारी कांदा चिरत होती. तिनं मान वर केली आणि नितीननं माझं मनगट घट्ट धरलं. डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं.

नितीननं विचारलं, आठेक वर्षांपूर्वी कुणी पिशवी ठेवून गेलं होतं का. म्हातारीनं त्याचा चेहरा न्याहाळला. "आता आलास व्हय," ती म्हणाली. "नाव नाय सांगितलं, गाव नाय सांगितलं. टेम्पोवाल्यासंगं घाटाकडं गेला. धुकं तर असं, हा हात दिसत नव्हता. सकाळी येतो बोलला, आन् मी बसली वाट बघत. लोकाची वस्तू, टाकू कशी?"

धान्याच्या पिंपामागून तिनं रेक्झिनची पिशवी काढली. आत दोन शर्ट, दाढीचं सामान, एक टॉवेल. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नव्या कोऱ्या चपला. लहान. तेरा वर्षांच्या पोराच्या मापाच्या.

नितीन तिथंच बाकड्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हातारीनं त्याच्या पुढ्यात चहा ठेवला. मी बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलो. मला आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचा राग आला होता, का ते सांगता येणार नाही.

घरी काकींनी चपला हातात घेतल्या, पदरानं पुसल्या, परत कागदात गुंडाळल्या. "म्हंजे घरीच येत व्हता," एवढंच म्हणाल्या. आठ वर्षं त्या धरून बसल्या होत्या की पोरगा रागावून गेला आणि मुद्दाम येत नाही. नितीनचे वडील हे कळायच्या आधीच, दोन वर्षांपूर्वी वारले होते.

त्यानंतर मी खेळ बंद केला. दोन शुक्रवार गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात नितीनचा कंपनीत फोन – आई बोलावतेय, सगळ्यांना. गेलो तर टेबल मांडलेलं, फासे काढलेले, आणि माझ्या समोरच्या खुर्चीत काकी बसलेल्या.

"मला पन एक कागद दे," त्या म्हणाल्या. "मी खेलते."

मी म्हटलं, "काकी, हे खेळातलं आहे हो. मी मनाचं बोलतो. तुम्ही त्यावर... मी भगत नाही."

"भगत मला नको सांगू. आठ वर्सांत शहापूर-मुरबाडातला एक भगत सोडला नाय मी. सगल्यांनी कोंबडे घेतले आन् सगल्यांनी सांगितलं, उगवतीला हाय, सुखात हाय. तू कोंबडा मागत नाय." मग म्हणाल्या, "नितीन म्हनतो, इचारलं की तुला उत्तर द्यावंच लागतं. तुमचा नियम हाय ना?"

मी रुपालीकडे बघितलं, तिनं मान खाली घातली. मग मी एक कोरा कागद घेतला आणि नेहमीसारखं विचारलं – पात्राचं नाव? त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, पार्वती. काम काय करते? त्या म्हणाल्या, "आई हाय. आनखी काय लिवतोस?" लिहिलं.

मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्या काय विचारतील ते विचारू देत, आपण म्हणायचं मी ठीक आहे, सुखात आहे, माझी काळजी करू नकोस. मग तो पोरगा धुक्यात निघून गेला म्हणायचं, फाटक बंद, खेळ समाप्त. खोटं होतं, पण त्या बाईला आठ वर्षांनी झोप लागली असती. वडिलांनी शिकवलेल्या सगळ्यावर पाणी सोडायची माझी तयारी झाली होती.

मी सुरुवात केली. तुम्ही वाटेवर आहात. धुकं आहे. समोर फाटक आहे, दगडावर तो बसलाय. काय करता?

काकी पुढे वाकल्या. "जेवलास का रे?"

मला वाटलं होतं त्या विचारतील, कुठं आहेस, जिवंत आहेस का. मग त्यांनीच मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. "त्या दिवशी भरल्या ताटावरून उठवला त्याला त्याच्या बापानं. मी काय नाय बोलली. बोलायला पायजे व्हतं."

मी घसा साफ केला आणि पोराच्या आवाजात म्हणालो, "हो आई, जेवलो."

काकींनी मान हलवली. "हा तू बोलतोस. तो नाय. मी थांबते."

आणि त्या थांबल्या. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत. बाहेर कुणाच्या तरी गिरणीचा पट्टा फट फट वाजत होता. मी उत्तर शोधत होतो. नियम होता ना, उत्तर द्यायचंच. मी तोंड उघडलं एवढं आठवतं.

त्यानंतर मला आठवतं ते हे: माझ्यासमोरच्या चहावर साय धरली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. आम्ही सुरू केलं तेव्हा तीनही वाजले नव्हते. संतोष खोलीत नव्हता, अंगणात पाठमोरा उभा होता. नितीनचं डोकं टेबलावर. रुपाली रडून रडून लाल झालेली, आणि ती माझ्यापासून खुर्ची लांब घेऊन बसली होती. माझी सख्खी बहीण. काकी तेवढ्या आधी होत्या तशाच बसलेल्या. त्यांनी उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेल्या.

मी विचारलं, काय झालं? मी काय बोललो? कुणी सांगितलं नाही. जीपमध्ये पुन्हा विचारलं तर रुपाली म्हणाली, "तुला नाही सांगणार." आज तिला दोन मुलं आहेत, अजून सांगितलेलं नाही. संतोष विषय काढला की "सोड ना यार" म्हणतो. सगळं बोलणं माझ्या तोंडून झालं आणि त्या खोलीत ते न ऐकलेला एकटा मीच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दिलीपचं कार्य केलं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तसं. नितीननं केस काढले. मी गेलो होतो. वडिलांना रुपालीकडून कळलं तेव्हा ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "भगत होऊन आलास तू." मला ते फार लागलं, अजून लागतं.

आता तुमचे प्रश्न. त्या रस्त्यानं मी कितीदा तरी गेलोय, त्या ढाब्यावर चहाही घेतला असेल, म्हातारीचा डोळा मनात राहिला असेल – मान्य. तात्या हे नाव नितीनच्याच तोंडून निसटलं असेल – मान्य. तासभराचं विसरणं हे ताणानं होतं, एका डॉक्टर मित्रानं सांगितलं – तेही मान्य. पण पिशवी? टेम्पो? म्हातारीनं मला आधी कधी सांगितलं होतं म्हणावं, तर मला आधी पाहिलंय का असं मी तिला त्याच दिवशी विचारून आलो होतो, तिनं मला ओळखलं नाही. इथे माझं गाडं अडतं. सात वर्षं अडलेलं आहे. माझ्याकडे उत्तर नाही, आणि कुणाकडे असलं तर मला खरंच हवं आहे.

फासे मी त्यानंतर हातात धरलेले नाहीत. नितीन आता कल्याणला असतो. काकी धसईलाच. थकल्यात, डोळे गेल्यासारखेच आहेत. गेल्या महिन्यात त्या बाजूला काम होतं म्हणून भेटायला गेलो. हट्टानं जेवायला बसवलं. भात, सुकटीचं कालवण. समोर पाटावर बसून राहिल्या. माझं होत आलं तसं त्यांनी विचारलं, "जेवलास का रे?"

साधाच प्रश्न. कोणतीही बाई विचारेल. पण विचारून त्या थांबल्या – हात मांडीवर ठेवून, तशाच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मानेनंच हो म्हणालो.

त्यांना ते दिसलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.